साठ प्रश्न, दोनदा

सात वर्षं मी हिशेब तपासायचं काम केलं. रविवारची संध्याकाळ झाली की जीव जड व्हायचा. लहानपणी चित्रं काढायचे, त्यामुळे आपण खरं तर कलेच्या क्षेत्रात असायला हवं होतं, अशी मनाची पक्की समजूत.

म्हणून कल चाचणी दिली. अमेरिकेच्या कामगार खात्याची, ओनेट या नोकऱ्यांची माहिती देणाऱ्या त्यांच्या संकेतस्थळावरची, फुकट आहे. ६० कामं समोर येतात. प्रत्येक काम करायला किती आवडेल ते पाच पर्यायांतून निवडायचं. शिक्षण आहे का, पगार किती, याचा विचार करायचा नाही. यामागे जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञाची १९५९ सालची मांडणी आहे. आवडींचे सहा गट: हातांनी करायची कामं, शोध घेण्याची, कलेची, माणसांना मदत करण्याची, पुढाकार घेऊन इतरांना पटवण्याची आणि नीट व्यवस्था लावण्याची.

कलेला सर्वांत जास्त गुण मिळाले. आनंद झाला, पण दोन दिवसांत शंका आली. गाण्याला चाल लावायला 'खूप आवडेल' असं मी ठोकून दिलं होतं. आयुष्यात कधी चाल लावून पाहिली नव्हती! तसं करणारी माणसं मला आवडतात, एवढंच.

मग पंधरा दिवस वही ठेवली. कुठलं काम करताना घड्याळाकडे लक्ष गेलं नाही, तेवढंच लिहायचं. चित्र त्यात एकदाही आलं नाही. आलं ते असं: नव्या सहकाऱ्याला नोंदी समजावल्या. शेजारच्या काकांचा पेन्शनचा अर्ज भरून दिला. कपाटातली बिलं कुणालाही सापडतील अशी लावली.

वही शेजारी ठेवून पुन्हा चाचणी दिली. या वेळी ४० पैकी मदतीला ३४, व्यवस्थेला ३१, कलेला १६. हॉलंड हे सहा गट एका षट्कोनाच्या सहा कोपऱ्यांवर मांडतो. त्यात कला आणि व्यवस्था अगदी समोरासमोर येतात, म्हणजे एकमेकांपासून सर्वांत लांब. ते आकडे बघून मला रडू आलं. इतकी वर्षं जपलेलं चित्र हातातून सुटत होतं. पण हेही कळलं की हिशेबाचं काम निम्मं बरोबरच होतं. त्यात माणसं नव्हती.

चाचणी आवड सांगते, जमेल का ते सांगत नाही. त्यासाठी तीन वेगवेगळ्या कामांतल्या लोकांना भेटले. 'काम कसं आहे?' असं विचारलं की सगळे 'छान आहे' म्हणतात. 'काल सकाळपासून काय काय केलंत?' असं विचारलं तेव्हा खरं कळलं. त्यांतल्या ग्रंथपाल बाईंनी मला दिवसभर बसू दिलं. एका मुलीला पुस्तकाचं नावही आठवत नव्हतं, फक्त निळं मुखपृष्ठ आणि एक बेट. बाई शांतपणे विचारत गेल्या आणि चौथ्या प्रश्नाला उठून थेट कपाटाशी गेल्या. मी दिवसभर घड्याळ पाहिलं नव्हतं, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

ग्रंथालयशास्त्राचं पहिलं सत्र आता संपत आलंय. वर्गीकरणाच्या तासाला मी पहिल्या बाकावर बसते.