धुण्याच्या पावडरीपासून तेलाच्या खडकापर्यंत : आमची वाटचाल

बाबांनी १९९१ साली तारापूर एमआयडीसीत कारखाना टाकला तेव्हा माल एकच होता, ॲसिड स्लरी, म्हणजे धुण्याच्या पावडरीत मळ काढणारा घट्ट आम्लधर्मी माल. गिऱ्हाईक म्हणजे धुण्याची पावडर बनवणारे छोटे कारखानदार. मी केमिकल इंजिनिअर होऊन आलो आणि दहा वर्षं तेच केलं : ओलियम म्हणजे अतितीव्र गंधकाम्ल हळूहळू सोडायचं, रिॲक्टर तापू द्यायचा नाही, खाली बसलेलं स्पेंट ॲसिड, म्हणजे वापरून उरलेलं आम्ल, काढायचं.

मग तेलक्षेत्रासाठी सल्फोनेट, म्हणजे आमच्या स्लरीच्याच जातीचा माल, मिळेल का, अशी एक चौकशी आली. तेल आधी आपल्या दाबाने वर येतं, नंतर पाणी दाबून काढतात, आणि तरीही बहुतेक ठिकाणी निम्म्याहून जास्त खडकातच राहतं, हे मला तेव्हा कळलं. खडकाच्या बारीक छिद्रांत थेंब अडकून बसतात. तेल आणि पाण्यामधला ताण त्यांना अरुंद तोंडातून निघू देत नाही. योग्य सर्फॅक्टंटने, म्हणजे सल्फोनेटसारख्या साबणाच्या जातीच्या रसायनाने, तो ताण हजारो पटींनी उतरतो आणि थेंब लांबट होऊन सरकतो. ओएनजीसीने २००२ साली गुजरातच्या विराज क्षेत्रात अल्कली (सोड्यासारखा क्षार), सर्फॅक्टंट आणि पाणी दाट करणारा पॉलिमर एकत्र वापरून पाहिलं होतं. म्हणजे वाट नवी नव्हती, आम्ही नवे होतो.

पहिला नमुना मोठ्या विश्वासाने पाठवला. आठवड्यात फोन आला, "साहेब, तुमचा माल फाटला." त्यांच्या विहिरीचं पाणी मागवलं, त्यात आमचा माल घातला. दूध नासावं तसे पांढरे कण बीकरभर! पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर, आणि आम्ही चाचणी केली होती सॉफ्टनरच्या, म्हणजे हे क्षार काढलेल्या, पाण्यात. गावाकडच्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, हे लहानपणापासून पाहत आलो होतो. तरी चुकलो. जड पाणी सोसणारं मिश्रण जमेपर्यंत दीड वर्ष गेलं. तेव्हापासून गिऱ्हाइकाचं पाणी हातात आल्याशिवाय मी भाव सांगत नाही.

राजस्थानातल्या बाडमेरकडचं मेणचट क्रूड, म्हणजे कच्चं तेल, आलं तेव्हा कॅन उपडा केला तरी थेंब पडेना. तूप थिजावं तसं गोठलेलं. गरम पाण्यात ठेवून पातळ केलं, आमचा माल घातलेल्या पाण्यासोबत काचेच्या नळ्यांत भरलं, प्रत्येक नळीत मीठ थोडं थोडं वाढवत नेलं आणि ६५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवलं. लॅबमधल्या ताई रोज सकाळी थर मोजून वहीत लिहायच्या. तेल वर, पाणी खाली, दोनच थर. सतराव्या दिवशी त्यांनी मला रिॲक्टरवरून बोलावून घेतलं. सहाव्या नळीत तेल आणि पाण्याच्या मधोमध चहाच्या रंगाचा तिसरा थर उभा होता. आम्ही हाच थर शोधत होतो. तो दिसला म्हणजे ताण तळाला गेला. बाबा त्या दिवशी गेटवरून परत आले आणि ती नळी उजेडात धरून बराच वेळ पाहत राहिले.

नळीत जमलं म्हणजे खडकात जमतंच असं नाही. खडकातली चिकणमाती माल शोषून घेते, सोडा ॲश (धुण्याचा सोडा) दिला की थोडा वाचतो, आणि तिथेच खर्चाचं गणित ठरतं. आजही पगार स्लरीवरच निघतात. तेलक्षेत्राला माल जातो तो चाचणीपुरता, ड्रमांत. गेल्या सोमवारी नव्या क्षेत्राच्या पाण्याचे पाच कॅन आलेत. ताईंनी नवी वही काढली आहे.