उलाळ

रविवार, रात्रीचे साडेअकरा

तीनदा साबण लावला तरी हातांचा ग्रीसचा वास जात नाही. गाडी दारात उभी आहे, ट्रेलर रस्त्याकडेला. तो उद्या सकाळी परत करायचाय. झोप येत नाही म्हणून लिहून काढतो.

चिरंजिवांच्या गाडीचा गिअरबॉक्स बुधवारी कॅलिफोर्नियातल्या सॅन लुइस ओबिस्पोत बसला. इंजिन सुरू होतं, गिअर पडतो, गाडी जागची हलत नाही. तिथल्या मेकॅनिकने सांगितलेला आकडा गाडीच्या किमतीपेक्षा मोठा. इथे फ्रीमाँटला आमचा नेहमीचा माणूस वापरलेला गिअरबॉक्स बसवून देतो म्हणाला. प्रश्न मधल्या दोनशे मैलांचा. रस्त्यात बंद पडलेली गाडी ओढून नेणाऱ्या क्लबच्या माझ्या मेंबरशिपवर शंभर मैलांपर्यंत फुकट ओढून आणतात. पुढच्या शंभराचा दर ऐकून मी नमस्कार म्हटलं. ट्रेलर मात्र भाड्याने तिकडे घ्यायचा आणि इकडे सोडायचा, असा मिळतो. आपल्या हायलँडर गाडीला मागे ट्रेलर जोडायचा हिच आहेच. आजवर त्यावर फक्त सायकली लटकल्या.

काल रात्री मोटेलच्या कागदावर बेरीज मांडली. ट्रेलर २,२१० पौंड, पोराची गाडी साधारण २,७००. एकूण ४,९१०. हायलँडर ओढणार ५,०००. म्हणजे हातात नव्वद पौंड. सकाळी त्याच्या गाडीची डिकी उघडली तर नव्वद पौंड तिथेच बसलेले: डंबेल्स, न धुतलेले कपडे, पहिल्या वर्षाची पुस्तकं. "गिअरबॉक्सचं ऑइल बघत जा म्हटलं होतं" हे वाक्य ओठांवर आलं होतं. गिळलं. डंबेल्स रूममेटला दान झाली.

ट्रेलरच्या दुकानात डाव्या बाजूचा इंडिकेटर लागेना. तिथल्या पोराने प्लगच्या पिना घासल्या, लागला. साखळ्या मात्र त्याने सरळ अडकवल्या होत्या; मी काढून ट्रेलरच्या पुढच्या दांड्याखाली फुलीसारख्या लावून घेतल्या. हिचचा गोळा सुटलाच तर दांडा त्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही. तो पोरगा माझ्याकडे "आला एक इंजिनिअर" अशा नजरेने बघत होता. बघू दे.

मेलेली गाडी चढवणं हे खरं काम. न्यूट्रलला टाकली, चिरंजीव स्टिअरिंगवर, मागून चार रूममेट आणि मी. पहिल्यांदा पुढची चाकं रॅम्पवर चढून परत उतरली. दुसऱ्यांदा चढली ती थेट पुढच्या आडव्या पट्टीला जाऊन टेकली. हँडब्रेक, मग पुढच्या चाकांवरून पट्टे, मग रॅचेट कट् कट् कट्.

ट्रेलरवर चिकटवलेल्या सूचनांत लिहिलं होतं की साठ टक्के वजन पुढच्या अर्ध्यात हवं, मागे जड झालं तर ट्रेलर वेगात शेपटीसारखा डोलायला लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही सोबत घेऊन जातो. चिरंजिवांनी विचारलं, असं का? आणि मला आजोबांचा शब्द आठवला: उलाळ. आमच्याकडे ऊस भरताना गाडी पुढे जड झाली तर धुरजड, मागे जड झाली तर उलाळ. धुरजड गाडीत बैलांचे खांदे मोडतात. उलाळ झाली की जू वर उचललं जातं आणि जुपण्यांनी बैलांचे गळे आवळतात. आजोबा बैल जुंपायच्या आधी जू हाताने उचलून अंदाज घ्यायचे. थोडं वजन पुढे हवंच. इथेही हिचवर एकूण वजनाचा दहावा हिस्सा तरी पडायला लागतो. गाडीचं इंजिन पुढे, म्हणून तोंड पुढे करून चढवायची. पोराने दोनदा म्हणून बघितलं, "उलाळ". त्याचा ळ अजून ल आणि र यांच्या मधे कुठेतरी असतो.

गावाबाहेर पडलं की लगेच क्वेस्टा ग्रेड. १०१ हायवेवरचा सात टक्क्यांचा चढ, माथा १,५२२ फुटांवर. रात्रभर मला याचीच धास्ती होती. एसी बंद, खिडक्या उघड्या, उजव्या लेनमध्ये भाजीच्या ट्रकमागे रांगत, डोळा टेंपरेचरच्या काट्यावर. काटा हलला नाही. सांता मार्गारिटापाशी थांबून पट्टे पुन्हा आवळले. सुरुवातीच्या काही मैलांत ते ढिले पडतातच. एक तर तीन दात आत गेला.

कॅलिफोर्नियात काहीही ओढत असाल तर ताशी ५५ मैलांच्या वर जायचं नाही, आणि उजवीकडेच राहायचं. पहिला तासभर जीव खालीवर होतो, मग सवय होते. सवय होत नाही ती ब्रेकची. या ट्रेलरचे ब्रेक स्वतःचे असतात, पण त्यांना तार नाही की काही नाही. आपण ब्रेक लावला की ट्रेलर मागून दांड्यावर रेटतो, त्या रेट्याने दांड्यातला पिस्टन दबतो आणि त्याचे ब्रेक लागतात. म्हणजे आधी तो तुम्हाला ढकलतो, मग थांबतो. प्रत्येक सिग्नलला पाठीत हलकी ढुशी.

किंग सिटीच्या अलीकडे सलिनास खोऱ्यातला दुपारचा वारा सुरू झाला, समोरून. लेट्यूसची शेतं, स्प्रिंकलरचं पाणी आडवं उडतंय. मोठा ट्रक शेजारून गेला की गाडी आधी बाहेर ढकलली जाते, मग त्याच्याकडे ओढली जाते. अशा वेळी ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. स्टिअरिंग धरून ठेवायचं, गॅस थोडा सोडायचा. गॅलनला बावीस मैल देणारी गाडी आज अकरा देत होती. पंपावर मी तीन रांगा सोडून कडेची घेतली, कारण तिथून सरळ बाहेर निघता येत होतं. मागे घ्यायची वेळ आली असती तर आम्ही अजून किंग सिटीतच असतो.

पण घरी ती टळणार नव्हती. गल्ली बंद, ड्राइव्हवे अरुंद, शेजाऱ्यांची पत्रपेटी नेमकी वळणावर. रात्रीचे पावणेनऊ. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे जातो हे डोक्याला कळतं, हातांना नाही. तीनदा ट्रेलर गाडीशी काटकोनात दुमडला. शेजारच्या आजोबांनी पोर्चचा दिवा लावला, बायको कुत्र्याला घेऊन लांब जाऊन उभी राहिली. शेवटी चिरंजीव खिडकीशी आले. "बाबा, वरून नको धरू. हात खाली, घड्याळातल्या सहावर. ट्रेलर जिकडे पाहिजे तिकडे हात ने. बस." हे कुठे शिकलास म्हटलं तर म्हणे, तू पंपावर पैसे भरत होतास तेव्हा फोनवर बघितलं.

पाचव्या खेपेला आत गेला. पत्रपेटी शाबूत.

सोमवार, सकाळ

ट्रेलर देऊन आलो. येताना पहिल्याच सिग्नलला ब्रेक लावला आणि ढुशी येणार म्हणून पाठ ताठ करून बसलो. मागे काहीच नव्हतं.