तुम्ही विचारलंत म्हणून : भीती निघून जात नाही का?

मी डबिंग करते. आणि भयपटांत काम केलेल्या नट्यांच्या, तुटपुंज्या पैशांत भयपट काढणाऱ्या दिग्दर्शकांच्या मुलाखती मिळतील तिथून वाचते, ऐकते. ओळखीच्या सगळ्यांना हे माहीत असल्यामुळे एक प्रश्न ठरलेला असतो. "ताई, पडद्यामागचं सगळं कळल्यावर भीती निघून जात नाही का हो? रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप, हे डोक्यात असताना घाबरणार कसं?" स्टुडिओत नव्यानं येणाऱ्या मुली विचारतात, घरी भाचरं विचारतात. दोन रेकॉर्डिंगांच्या मधे याचं उत्तर देता येत नाही. आज बैजवार देते.

नाही जात. उलट वाढते. आणि चॉकलेटचं सिरप ही गोष्ट खरीच आहे. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा जॉर्ज रोमेरोचा १९६८ चा सिनेमा. पिट्सबर्गमधल्या काही जणांनी आपापसांत पैसे गोळा करून, सव्वा लाख डॉलरच्या आत केलेला. कृष्णधवल असल्यामुळे रक्ताच्या जागी सिरप खपून गेलं. निर्मात्यांपैकी एक जण सुरुवातीच्या प्रसंगात नायिकेचा भाऊ झाला. त्याच्या आईची गाडी चित्रीकरणाच्या काळात ठोकली गेली, तर गाडी झाडावर आदळल्याचं सिनेमातच दाखवून टाकलं. पुढे वितरकानं नाव बदलताना नव्या नावासोबत कॉपीराइटची ओळ टाकायची राहिली आणि एवढा गाजलेला सिनेमा फुकट कुणीही दाखवावा असा झाला. या हकिगती सगळ्यांना आवडतात, मलाही आवडतात. पण मी मुलाखतींकडे ओढली गेले ती ज्युडिथ ओडेमुळे.

ओडेनं यात बार्ब्रा केली आहे. जिवंत झालेल्या मढ्यापासून पळून ती एका रिकाम्या घरात शिरते, आणि स्मशानात काय घडलं ते तिथे आलेल्या बेनला सांगू लागते. ही हकिगत बरीचशी आपण ऐनवेळी सुचेल तशी बोलत गेलो, असं ओडेनं मुलाखतींत सांगितलंय. हे कळल्यावर मी तो प्रसंग पुन्हा लावला. ती सांगायला लागते शांतपणे, शेजारणीला एखादा किस्सा सांगावा तशी. मधेच गरम होतंय म्हणत अंगातल्या कोटाशी चाळा सुरू होतो. मग आवाज चढतो, पण भीतीनं नव्हे, हट्टानं. भावाला आणायला आत्ताच्या आत्ता जायचंच म्हणून ती उठते. भाऊ गेला आहे हे तिला कळलंय आणि कळलेलं नाही, या दोन्ही गोष्टी त्या एका आवाजात आहेत. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तिथे फक्त एक घाबरलेली बाई दिसली होती. मुलाखतीनंतर दिसली ती घाबरलेली बाई बांधत जाणारी नटी. आणि अंगावर काटा आला तो या वेळी.

माझ्या कामातलं थोडं सांगते, म्हणजे मी कशाकडे कान लावून बसते ते कळेल. डबिंगमध्ये किंकाळ्या, धापा, हुंदके सगळ्यात शेवटी घेतात, कारण आधी घेतलं तर घसा बसतो आणि पुढचे संवाद फुकट जातात. किंकाळीच्या वेळी माइकपासून मागे सरायचं, तोंड किंचित वळवायचं, नाहीतर काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट हात वर करतो: "पीक होतंय, परत घेऊ," म्हणजे आवाज फार मोठा होऊन फाटतोय. जोर पोटातून लावायचा. घशातून ओरडणारी मुलगी दुसऱ्या दिवशी बोलू शकत नाही. हे सगळं शिकता येतं. अवघड असतो तो किंकाळीच्या आधी आत ओढलेला श्वास. भीती खरी त्या श्वासात असते. तो खोटा निघाला की मागून कितीही मोठा आवाज लावा, ऐकणाऱ्याला काहीही होत नाही. आम्ही हे गार खोलीत, हेडफोन लावून, पाण्याची बाटली शेजारी ठेवून करतो. त्या बायकांनी हे उन्हात, थंडीत, चिखलात केलंय. कसं केलं, ते त्यांच्या तोंडून ऐकायचं असतं मला.

जेमी ली कर्टिसची एक गोष्ट तर मी प्रत्येक नव्या मुलीला सांगते. १९७८ चा 'हॅलोवीन', तिचा पहिला सिनेमा. सगळा मिळून खर्च सव्वातीन लाख डॉलरच्या घरात, तिचं मानधन आठ हजार. चित्रीकरण कथेच्या क्रमानं होणार नव्हतं. शेवटची पळापळ आधी आणि सुरुवातीचं शाळेला जाणं नंतर, असंही होऊ शकत होतं. म्हणून दिग्दर्शक जॉन कार्पेंटरनं तिच्यासाठी भीतीची मोजपट्टीच केली. आज जो प्रसंग घ्यायचा त्यात लॉरी, म्हणजे तिचं पात्र, किती घाबरलेली आहे, ते आकड्यात सांगायचं. कर्टिसनं त्याबरहुकूम आवाज आणि अंग ठेवायचं. आम्हालाही रीळ मागेपुढे येतात, त्यामुळे ही गोष्ट ऐकली तेव्हा मला त्या दोघांबद्दल फार आपुलकी वाटली. भीतीला चढण असते, आणि ती चढण नटीच्या हातात असते, हे त्या दिग्दर्शकाला पुरतं ठाऊक होतं.

सगळ्याच गोष्टी अशा सुखाच्या नाहीत. 'द टेक्सस चेन सॉ मॅसॅकर' १९७४ मध्ये आला. चित्रीकरण त्याआधीच्या उन्हाळ्यात, टेक्ससमध्ये राउंड रॉकजवळच्या एका जुन्या घरात. जेवणाच्या टेबलाचा प्रसंग रात्रीचा, पण घेतला भर दिवसाही, खिडक्यांना काळं कापड लावून. आत दिवे, टेबलावर मांस, खोलीभर हाडं, आणि टेक्ससचा उन्हाळा. मांस सडायला लागलं. म्हाताऱ्याचं काम करणाऱ्या तरुण नटाच्या मेकअपला तासन् तास लागत आणि तो पुन्हा करायला तो तयार नव्हता, म्हणून सगळं एका दमात उरकायचं ठरलं. सव्वीस-सत्तावीस तास लोक त्या खोलीत होते. मॅरिलिन बर्न्स खुर्चीला बांधलेली. तिचं बोट कापायचं दृश्य होतं, सुरीला लावलेल्या नळीतून नकली रक्त यायचं होतं. नळी तुंबली. पुन्हापुन्हा घेऊनही जमेना, तेव्हा लेदरफेस, म्हणजे मुखवटा घातलेला खुनी, झालेल्या गनर हॅन्सननं पात्यावरची चिकटपट्टी काढली आणि तिचं बोट खरंच कापलं. हे त्यानं स्वतःच पुढे सांगितलं.

हा किस्सा लोक फुशारकीनं सांगतात. "बघ, भीती खरी आहे, म्हणून सिनेमा ग्रेट." मला हे अजिबात पटत नाही. माणसाचं बोट विचारल्याशिवाय कापणं यात थोरपण काही नाही. आणि तो प्रसंग उभा आहे तो त्या कापलेल्या बोटावर नाही. बर्न्सचा आवाज ऐका. ती एका पट्टीत फार वेळ ओरडतच नाही. ओरडते, मग गयावया करते, मग सौदा करू पाहते, तुम्ही म्हणाल ते करीन म्हणते, मग पुन्हा फुटते. दमलेल्या, घाबरलेल्या, घामानं भिजलेल्या अवस्थेत तिनं प्रत्येक वेळी वेगळी जागा शोधलीय. शेवटी ट्रकच्या मागच्या भागात, रक्तानं माखलेली, ती हसतेय की रडतेय ते सांगता येत नाही, तो सूर कुठल्याही सुरीनं मिळाला नसता. यातल्या कलाकारांना नफ्यात वाटा कबूल केलेला होता. सिनेमानं गडगंज कमावलं, त्यांच्या हाती मात्र फार थोडं पडलं.

याच्या अगदी उलट वागलेली दिग्दर्शिकाही आहे. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये केलेला जेनिफर केंटचा पहिला सिनेमा, 'द बाबाडूक', २०१४. घराच्या सेटसाठी पैसे कमी पडले तर तिनं किकस्टार्टर या वर्गणी गोळा करायच्या वेबसाइटवर लोकांकडून तीसेक हजार डॉलर जमवले. कथा एका विधवा आईची आणि तिच्या सहा वर्षांच्या मुलाची. दुःखानं आणि जागरणानं पिचलेली आई हळूहळू मुलाच्या जिवावर उठते. एसी डेव्हिसनं ही आई केली आहे, आणि ती मुलाला जे बोलते ते कुठल्याही मुलाच्या कानावर पडू नये असं आहे. म्हणून पडूच दिलं नाही. त्या संवादांच्या वेळी लहानग्या नोआ वाइजमनला बाजूला नेलं, आणि त्याच्या जागी एक मोठा माणूस गुडघ्यांवर बसवला, म्हणजे डेव्हिसची नजर बरोबर मुलाच्या उंचीवर जावी. मुलाला गोष्टही त्याला झेपेल अशीच सांगितली होती.

आता विचार करा त्या नटीचा. समोर मोठा बाप्या गुडघ्यांवर बसलाय, आणि पोटच्या पोराला बोलायचं ते सगळं विष तिनं त्याच्याकडे बघून ओकायचंय. ते तिनं असं केलंय की तो प्रसंग मला आजही सलग बघवत नाही. कुणाला इजा न करता भीती उभी करता येते, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. आणि तो पडद्यावर दिसत नाही, मुलाखतीतच सापडतो.

या सगळ्यात जिचा माझ्या मनावर सगळ्यात जास्त ठसा आहे, ती हेदर डोनाह्यू. आता तिनं नाव बदलून रे हॅन्स केलंय. 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' मेरीलँडच्या रानात १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये आठ दिवसांत चित्रित झाला, १९९९ मध्ये लागला. चेटकिणीवर माहितीपट करायला रानात गेलेल्या तिघा मुलांची ही गोष्ट. डॅनियल मिरिक आणि एदुआर्दो सान्चेझ हे दोन दिग्दर्शक आडोशाला. कॅमेरे कलाकारांच्याच हातात. पुढचा मुक्काम जीपीएसवर शोधायचा, तिथे प्रत्येकासाठी फिल्मच्या डबीत वेगळी चिठ्ठी, दुसऱ्याला न दाखवण्याच्या अटीवर. संवाद त्यांचे त्यांनी बोलायचे. जेवण दिवसागणिक कमी कमी. रात्री तंबू हलवायला दिग्दर्शक मंडळी हजर. भूमिकेतून बाहेर यायचं असेल तर म्हणायचा एक ठरलेला शब्द होता, टाको. म्हणजे त्या पोरीनं अभिनय केला, संवाद रचले आणि चित्रणही केलं. अंधारात, उपाशी, डोळ्यांतून-नाकातून पाणी गळत असताना तिनं कॅमेरा स्वतःच्या चेहऱ्यावर धरला आणि मित्रांच्या आयांची माफी मागितली, ते दृश्य तुम्ही सिनेमा न पाहताही कुठेतरी पाहिलं असेल.

जाहिरातीत सांगितलं की ही मुलं खरोखर बेपत्ता आहेत. नावं खरीच वापरलेली. तिच्या आईला सांत्वनाची पत्रं आली. सिनेमानं जगभरात जवळजवळ पंचवीस कोटी डॉलर मिळवले. आणि तिला मिळालं काय, तर त्या वर्षीच्या सर्वांत वाईट अभिनेत्रीचा रॅझी, म्हणजे वाईट कामांना चेष्टेनं देतात तो पुरस्कार. काम इतकं जमलं की ते काम आहे हेच लोकांनी मानलं नाही. ही घाबरट, चिडकी मुलगी अशीच असेल, असं धरून चालले. २०२४ मध्ये तिघा कलाकारांनी जाहीर पत्र लिहून आपल्या कामाचा न्याय्य मोबदला मागितला. तिच्या मुलाखती वाचताना मला प्रत्येक वेळी राग येतो, आणि मग मी तो सिनेमा लावते, आणि पहिल्यापेक्षा जास्त घाबरते. कारण आता रानातल्या चेटकिणीबरोबरच कॅमेऱ्यामागे उभी असलेली ती पण दिसते.

'ईव्हिल डेड'मधल्या एलन सँडवाइस आणि बेट्सी बेकरबद्दलही खूप लिहिता येईल. भूत झाल्यावर डोळ्यांत घालायच्या त्या जाड काचेच्या लेन्स पंधरा मिनिटांच्या वर ठेवता येत नसत, आणि घातल्या की जवळजवळ काहीच दिसत नसे. तुम्ही ज्या पांढऱ्या डोळ्यांना घाबरता, त्यामागची बाई आंधळेपणानं, अंदाजानं हातपाय टाकत होती. एवढं लक्षात ठेवून पुन्हा बघा.

आपल्याकडे मात्र अशा गप्पा फार कमी होतात. रामसे बंधूंनी १९७२ मध्ये 'दो गज़ ज़मीन के नीचे' महाबळेश्वरला जाऊन घरच्या घरी केल्यासारखा केला. एक भाऊ कॅमेऱ्यावर, एक ध्वनीवर, दोघं दिग्दर्शनाला. त्या भावांच्या हकिगती पुष्कळ सापडतात. त्यांच्या सिनेमांत धावलेल्या, किंचाळलेल्या नट्यांना घसा कसा सांभाळला हे विचारलेलं माझ्या वाचनात नाही. 'तुंबाड'च्या वेळी निदान मेकअपबद्दल बोललं गेलं. त्यातल्या शापित म्हातारीच्या थरांखाली मोहम्मद समद होता, विनायकच्या मुलाचं, पांडुरंगचं काम करणारा तोच पोरगा, हे कळल्यावर मी थक्क झाले होते. पण आपल्याकडे भयपटातल्या नटीसमोर माइक आला की पहिला प्रश्न असतो, "सेटवर काही विचित्र अनुभव आला का?" बिचारी काहीतरी सांगते. दिवा आपोआप बंद झाला, कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं. त्याचाच मथळा होतो आणि तिचं काम तसंच राहून जातं.

विशाल फुरियाचा 'लपाछपी' २०१७ चा. उसाच्या फडात अडकलेली गरोदर नेहा पूजा सावंतनं केली आणि तुळसाबाई उषा नाईकांनी. मला त्या दोघींना विचारायचंय ते असं. उसाचं पान अंगाला कापतं, मग फडात धावायचे टेक किती घेतलेत आणि हात-चेहरा कशानं वाचवलात? पोटाला बांधलेल्या ओझ्यानं धाप वेगळी लागते का, की ती धाप तुम्ही ठरवून बसवलीत? आणि उषाताई, तुम्ही आवाज चढवायच्या आधीच मला भीती वाटायला लागते, तो मायेचा सूर तुम्ही पहिल्या वाचनातच पकडलात की सेटवर, पूजाकडे बघताना सापडला? असं कुणी त्यांना विचारल्याचं तुमच्या ऐकण्यात असेल तर मला जरूर कळवा. मी ते आधी ऐकीन आणि मग त्याच रात्री सिनेमा लावीन.