कधी येताय, ते आधी सांगा

सांगलीला यायचं ठरलं की पुण्या-मुंबईच्या मंडळींचा प्रश्न ठरलेला असतो: "जेवायला कुठं जायचं हो? आणि तिथं काय खायचं?" भडंगाचं दुकान कुणालाही सापडतं, गणपतीचं देऊळही सापडतं. जेवणाचं मात्र मला विचारतात, कारण गावभागातल्या आक्कांच्या खानावळीचं कौतुक मी जाईन तिथं सांगत असतो. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहूनच टाकतो. पण आधी मला सांगा, येताय कधी?

हा फाजीलपणा नाही. या प्रश्नावरून माझी एकदा चांगलीच फजिती झालेली आहे. पुण्याच्या एका स्नेह्यांना मी वर्षभर आक्कांच्या भरल्या वांग्याबद्दल सांगत होतो. ते आले सप्टेंबरच्या शेवटी. बायको-मुलांसह, गाडी करून, खास वांगं खायला. आक्कांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खुळाच आहे. "आत्ता कुठनं वांगं? चंपाषष्ठीला घेऊन या की पाव्हण्यांना." मी हळूच म्हटलं, मंडईत ढिगानं आहेत, चार आणून देऊ का? "आणा. चिरून दावते, आत काय निघतंय ते." पाव्हण्यांनी दोडक्याची भाजी खाल्ली, बरी आहे म्हणाले आणि परत जाताना हायवेवरच्या ढाब्यावर वांगं मागवलं. तो फोटो त्यांनी मला पाठवला, हे विशेष.

खानावळीत मेनूकार्ड नाही. शाळेतून मोडीत निघालेला एक काळा फळा आहे, त्यावर रोज खडूनं तीन ओळी लिहिल्या जातात: भाजी, आमटी आणि तिसऱ्या ओळीत तोंडी लावायला जे असेल ते. पाच टेबलं. ताट 120 रुपयांना, भाकरी हवी तेवढी. दोनच्या सुमारास तिन्ही ओळींवर आडवी रेघ येते, मग कितीही ओळखीचे असा. फळा कशानं बदलतो, असं मी एकदा विचारलं होतं. आक्कांना प्रश्नच कळला नाही. मंडईत जे भरपूर येतं ते स्वस्त असतं, आणि जे भरपूर येतं तेच त्या वेळी चवीला असतं. एवढाच हिशेब. त्याला आपण हल्ली मोठमोठी नावं देतो.

तर जुलैत येणार असाल तर कांदेनवमी गाठा. आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधी. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्यांची ही शेवटची चंगळ, त्यामुळे त्या दिवशी फळ्यावर कांद्याची थालीपीठं, खेकडा भजी आणि कांद्याचं पिठलं असं सगळं एकदम येतं. आक्का स्वतः पुढं कांदा सोडत नाहीत, गिऱ्हाईकांना सोडायलाही लावत नाहीत. वांगं मात्र चंपाषष्ठीपर्यंत बंद म्हणजे बंद. त्यात देवाचं किती आणि अळीचं किती, हे मला अजून उमगलेलं नाही. पावसाळी वांग्यात अळी फार, हे मात्र खरं.

माझं विचाराल तर मी श्रावण-भाद्रपदात जातो, आंबाडीसाठी. वांग्याच्या कौतुकात ही बिचारी मागं पडते. पाला उकडून त्याचं आंबट पाणी पिळून टाकायचं, मग त्यात ज्वारीच्या कण्या, तुरीची डाळ, शेंगदाणे घालून पुन्हा शिजवत ठेवायचं. इथपर्यंत कुणीही करेल. आक्कांच्या सूनबाई शेवटी लोखंडी पळीत तेल तापवतात आणि ठेचलेला लसूण त्यात सोडून नुसत्या बघत उभ्या राहतात. लसूण पांढऱ्याचा पिवळा होतो, पिवळ्याचा तांबूस. मला वाटतं झालं, आता जळणार. त्या हलत नाहीत. कडा काळपट व्हायला लागली की पळी थेट ताटातल्या भाजीवर उलटी करतात, चर्र होतं आणि शेजारच्या टेबलावरचा माणूस मान वळवतो. भातुकलीतल्यासारखा छोटा खळगा करून त्यात ते तेल साठवायचं आणि भाकरीच्या तुकड्यानं कडेकडेनं आत जायचं. आंबाडीला दिसायला रूप नाही. फोटो काढू नका.

चंपाषष्ठी म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, साधारण नोव्हेंबर-डिसेंबर. खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की फळ्यावर वांगं चढतं ते थंडीभर. कृष्णाकाठच्या मळीच्या रानातली वांगी, काटेरी देठाची. जानेवारीत भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि पावटा, घेवडा, गाजर, हरभऱ्याचे सोलाणे घातलेली लेकुरवाळी भाजी. फेब्रुवारीत तिसऱ्या ओळीत ओल्या हळदीचं लोणचं. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते आक्कांना मीच सांगितलं. "मग भाव वाढला का?" एवढंच त्यांनी विचारलं. चैत्रात कैरीची डाळ. मे महिन्यात पालेभाजी महाग आणि मरगळलेली, तेव्हा वाळवणांचा डबा उघडतो: सांडग्यांची आमटी, हुलग्याचं माडगं. आमरस मिळतो का, विचारू नका. मिळत नाही. त्यावरून मी त्यांच्याशी भांडून बसलोय.

एका वर्षी मात्र फळ्याचं हे वेळापत्रक मोडलं. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेनं 57 फूट ओलांडले. धोक्याची पातळी 45 आहे. गावभाग पाण्यात गेला, खानावळीत पाणी माळ्याला लागलं. पाणी उतरल्यावर आम्ही चौघं-पाचजण खराट्यांनी गाळ काढायला गेलो होतो. फळा गाळाखाली सापडला, चौकट फुगलेली. उन्हात वाळवून आक्कांनी तोच पुन्हा टांगला. दार उघडलं त्या दिवशी मंडईत धड भाजी नव्हती, नदीकाठची रानं कुजून गेली होती. फळ्यावर एकच ओळ होती, पिठलं-भात. गंमत म्हणजे तो आठवडाभर तसाच राहिला आणि कुणी दुसरं काही मागितलंही नाही. त्या साली वांगं बरंच उशिरा आलं.

नाव विचारू नका, दारावर पाटीच नाही. गावभागात येऊन आक्कांची खानावळ म्हणा, कुणीही दाखवेल. दीडच्या आत पोचा. आणि सप्टेंबरअखेर ते दिवाळी यांच्या मध्ये येणार असाल, तर फळा जरा रडका असतो, दोडका आणि पुन्हा दोडका. तेव्हा आमच्याकडेच जेवा. बायको वांगं करते, तिला अळीचं काही वाटत नाही. आक्कांना मात्र सांगू नका.