पत्ता: ५६ एपीओ

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला सगळे ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ इंग्रजांनी बसवलेला दगड पाहायला मी गेलो होतो. त्या युद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियातल्या कूटच्या वेढ्यात १४७ दिवस अडकल्या होत्या. इथल्या आयाबायांनी ‘कूट’ हे नाव तरी कधी ऐकलं असेल का, हेच मनात घोळत राहिलं.

दगडापाशी भेटलेले एक निवृत्त हवालदार आजोबा चहाला घरी घेऊन गेले. आजींनी काळी ट्रंक उघडली. आत १९७१ सालची पत्रं. पाठवणाऱ्याचा पत्ता फक्त नंबर, पलटण आणि ‘द्वारा ५६ एपीओ’, म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय. माणूस वाळवंटात आहे की बर्फात, घरी कळायचं नाही.

सगळी पत्रं वडिलांच्या नावे. ‘तीर्थरूप दादांस शिरसाष्टांग नमस्कार.’ मग पाऊस, विहिरीचं पाणी, म्हैस. आणि म्हशीनंतर एकच ओळ: ‘बाळाच्या आईने तब्येतीस जपावे.’ नव्या नवरीला थेट लिहायची तेव्हा रीतच नव्हती. त्या चार शब्दांत त्यांनी काय काय कोंबलं असेल!

आजी उत्तरासोबत पालच्या खंडोबाचा भंडारा कागदात बांधून पाठवायच्या. “पाकीट फोडलं की बोटं पिवळी व्हायची,” आजोबा म्हणाले. “मोर्च्यावर हात धुवायला जीव व्हायचा नाही. ती पुडी खिशात असली की वाटायचं, देव बी हाय आन् घर बी हाय.” हे सांगताना त्यांचा हात आपसूक सदऱ्याच्या खिशावर गेला. अशा श्रद्धेला कुणी भाबडी म्हटलेलं मला तरी खपणार नाही.

“मला कुठं वाचाय येत हुतं?” आजी म्हणाल्या. “भावजी वाचायचे. ती वळ परत वाचा म्हणाय लाज वाटायची. मग म्हणायची, भावजी, म्हशीचं काय लिवलंय ते पुन्यांदा सांगा.”

आजोबा एकदम गप्प झाले. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं.

आजींनी एक पत्र माझ्या हाती दिलं. मी मोठ्यानं वाचत गेलो. म्हैस आली, पुढची ओळ आली. ती मी न सांगता दोनदा वाचली.