तुम्ही विचारलंत म्हणून: वडापचं इंजिन

गणपतीच्या कार्यक्रमात आरती झाली, मोदक संपले, लोक जॅकेट चढवून बाहेर पडायला लागले की पार्किंगमध्ये मला कुणीतरी गाठतंच. "ती बदामी मर्सिडीज तुमची का हो? एवढी जुनी कशाला घेतलीत?" विचारणारी मंडळी बहुतेक इथं जर्मनीत, श्टुटगार्टच्या आसपास नोकरी करणारी. काहींच्या सुरात कौतुक असतं, की श्रीमंती छंद दिसतोय. काहींच्या सुरात काळजी असते, की याची नोकरी गेली की काय. दोघांनाही मी एकच सांगतो, की मी मर्सिडीज घेतलेली नाही, मी वडाप घेतलंय. यावर सगळे हसतात आणि घरी जातात. आता जरा नीट सांगतो.

सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्यांना वडाप म्हणजे काय ते माहीत आहे. बाकीच्यांसाठी: सीटा भरल्याशिवाय न हलणारी जीप. आमच्याकडं कराड-पाटण रस्त्यावर या कामाला ट्रॅक्स असायच्या. पुढच्या बाकड्यावर ड्रायव्हर धरून चार जण, आणि त्यातला एक ड्रायव्हरच्या पल्याड, उजव्या दाराला चिकटून. त्यामुळं ड्रायव्हर तिरका बसून गाडी चालवायचा. माझे चुलते, त्यांना आम्ही तात्या म्हणतो, अशीच एक ट्रॅक्स चालवायचे. गाडीत पंखा नव्हता, टप फाटका होता, एका दाराला दोरी बांधलेली होती. पण कुणी नाव ठेवलं की ते एकच वाक्य टाकायचे, "इंजिन बेंझचं हाय." आम्हा पोरांना ती थाप वाटायची.

थाप नव्हती. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज टेम्पो नावाची कंपनी होती, आता तिचं नाव फोर्स मोटर्स. तिनं मर्सिडीजकडून परवाना घेऊन त्यांचं 2.4 लिटरचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन बनवलं आणि ट्रॅक्स, ट्रॅव्हलरमध्ये बसवलं. या इंजिनाचं मर्सिडीजच्या कागदावरचं नाव ओएम 616. जर्मनीत ते ज्या घरंदाज मर्सिडीजमध्ये होतं, ती गाडी म्हणजे 240 डी.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. श्टुटगार्टशेजारच्या एसलिंगनला एका सिग्नलवर पायी उभा होतो. मागून आवाज आला आणि मी वळायच्या आधीच मला डिझेलचा, घामाचा आणि कोथिंबिरीच्या पाटीचा वास आल्यासारखं झालं. वळून बघतो तर एक म्हातारे गृहस्थ, टोपी घातलेले, जुन्या मर्सिडीजमध्ये एकटे बसलेले. इकडं डिझेलच्या त्या आवाजाला 'नागेल्न' म्हणतात, म्हणजे खिळे ठोकणं. शब्द चपखल आहे. प्रत्येक इंजिनाची खिळे ठोकायची लय वेगळी असते, आणि ही लय माझ्या ओळखीची होती.

त्या दिवसापासून किडा डोक्यात शिरला. बाहेर पडायला चार वर्षं लागली.

आता गाडीविषयी. मर्सिडीजच्या या मालिकेला डब्ल्यू 123 म्हणतात. 1976 ते 1986 या काळात या मालिकेच्या सगळ्या प्रकारांत मिळून सुमारे 27 लाख गाड्या निघाल्या. टॅक्सीवाले, डॉक्टर, शेतकरी, सगळ्यांची ही गाडी. मला 1982 च्या सप्टेंबरनंतरचीच हवी होती, कारण तेव्हापासून पॉवर स्टिअरिंग सगळ्याच गाड्यांना मिळायला लागलं. त्याआधीची पार्किंगमध्ये वळवायची तर आधी जोर-बैठका काढाव्यात. मित्रांनी सुचवलं की घेतोयस तर सहा सिलिंडरची 280 ई घे, किंवा सरळ त्या काळातली बीएमडब्ल्यू घे, जरा पळेल तरी. 240 डीची ताकद 72 अश्वशक्ती, आणि शून्यापासून शंभरला पोचायला वीसेक सेकंद. पण पळणारी गाडी मला हवीच नव्हती.

बघायला गेलो त्या गाड्यांपैकी तीन सांगण्यासारख्या आहेत.

पहिली लांबून आरशासारखी चमकत होती. मी खिशात फ्रिजवरचं चुंबक रुमालात गुंडाळून नेलं होतं. ते पुढच्या मडगार्डला लावलं, चिकटलं. दारांच्या खालच्या पट्टीला लावलं, खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. आत पत्रा उरलाच नव्हता, नुसती लांबी, म्हणजे पुट्टी भरून वरून रंग मारलेला. मालक माझ्याकडं बघत होता, मी चुंबकाकडं. चहा न पिता निघालो.

दुसरी पूर्वी टॅक्सी असावी. जर्मनीत त्या काळी टॅक्सीचा रंग ठरलेला असायचा, फिकट हस्तिदंती. ही गाडी बाहेरून निळी होती, पण बूटमधला गालिचा उचलला तर खाली हस्तिदंती रंग. छताच्या आतल्या कापडाखाली बोटाला बुजवलेलं भोक लागलं, तिथं टॅक्सीचा दिवा असणार. टॅक्सी असणं हा गुन्हा नाही. टॅक्सीची इंजिनं उलट जास्त निगुतीनं सांभाळलेली असतात. पण विचारल्यावर मालक म्हणाला, "कधीच नव्हती." तिथं विषय संपला.

तिसरी माझी. 1983 ची, रंग बदामी, मालक एक निवृत्त आजोबा, पहिल्या दिवसापासूनची सर्व्हिसची वही शिक्क्यांसकट जपलेली. मी फोनवरच सांगितलं होतं की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्या पोचल्या बॉनेटवर तळहात ठेवला, गार होतं. जुनं डिझेल विकत घेताना ही एक गोष्ट विसरू नका. गरम डिझेल कुणाचंही चालू होतं. खरं काय ते गार इंजिन सांगतं.

आजोबांनी किल्ली फिरवली आणि थांबले. डॅशबोर्डवर हीटर प्लगचा दिवा. मग माझ्याकडं वळून मिस्कीलपणे म्हणाले, "रुडॉल्फ डिझेल गेडेंकमिनूटे." म्हणजे रुडॉल्फ डिझेलच्या स्मरणार्थ पाळायचं मौन. जुन्या डिझेल गाड्यांत प्लग तापेपर्यंत वाट बघावी लागायची, त्यावरचा हा इथला जुना विनोद. बिचारा डिझेल 1913 साली बोटीनं इंग्लंडला निघाला आणि रात्रीतून बोटीवरून नाहीसा झाला, म्हणून श्रद्धांजली. माझ्या गाडीत हे मौन काही सेकंदांचंच असतं. इंजिन पकडलं, जरासा धूर काढला, आणि खिळे ठोकायला लागलं. मी ऑइलचं झाकण उघडून तिथंच उलटं ठेवलं. ते थरथरलं, पण उडालं नाही. उडालं असतं तर पिस्टनच्या रिंगा गेल्या असं समजायचं.

मग आजोबांनी किल्ली काढली. इंजिन चालूच.

किल्ली हातात, माणूस बाहेर, आणि इंजिन निवांत टकटक करतंय. आजोबांचा चेहरा उतरला. मला मात्र हसू आवरेना. हे इंजिन विजेनं बंद होतच नाही. इंजिनावरचा एक पंप हवेची ओढ तयार करतो. तीच ओढ ब्रेकला मदत करते, तीच बारीक नळ्यांतून दारांच्या कुलपांपर्यंत जाते, आणि तीच डिझेल पंपाकडं जाऊन डिझेल तोडते. कुठंही एखाद्या रबराला चीर गेली की ओढ कमी पडते, आणि गाडी बंद व्हायला नकार देते. तात्यांच्या काळात इंजिन बंद करायची दांडी वेगळीच असायची, ती ओढायची. इथंही बॉनेटखाली 'स्टॉप' लिहिलेली एक दांडी आहे. मी बॉनेट उघडलं, दांडी दाबली, शांतता झाली. आजोबा माझ्याकडं नव्यानं बघायला लागले. दोष खरं तर काही युरोंच्या रबराचा, पण त्यापायी त्यांनी आपणहून तीनशे युरो कमी केले. मी घासाघीस केली नाही. सौदा 8,700 युरोंना ठरला.

माझी चूक पुढं आहे. इंजिनाच्या नादात मी ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा उचलून बघितलाच नाही. चुंबक सगळीकडं फिरवलं, पण बाहेरून. घरी आणल्यावर पहिल्या पावसात पाय ओले झाले. गालिचा उचलला तर खाली स्पंजात पाणी, आणि त्याच्या खालचा पत्रा बिस्किटासारखा. पुढचा जॅक लावायचा भागही आतून खाल्लेला निघाला. इथं हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, आणि चाळीस हिवाळ्यांचं मीठ कुठंतरी जाऊन बसणारच. वेल्डिंग, टायर, ब्रेकचे रबरी पाइप, हीटर प्लग आणि ती चिरलेली रबरं, असे पहिल्या वर्षात अडीच हजार युरो गेले. बाकी इंजिनावर खर्च झाला फक्त ऑइलचा आणि फिल्टरचा. म्हणून कुणी विचारलं की घेताना काय बघावं, तर मी म्हणतो, पत्रा बघा. सगळे इंजिनाला घाबरतात आणि पत्र्यावर भाळतात. या गाडीत नेमकं उलटं करायला हवं.

कागदांचं थोडक्यात. तीस वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपाच्या जवळ असलेली आणि नीट राखलेली गाडी असेल तर तपासनीसाच्या अहवालावर नंबरच्या शेवटी एच अक्षर मिळतं. हे अक्षर नसेल तर अशा जुन्या डिझेलला दर 100 सीसीमागे 37.58 युरो कर, म्हणजे 240 डीला वर्षाला 900 युरोच्या वर. अक्षर असेल तर सरसकट 191. शिवाय शहरातल्या हिरव्या स्टिकरच्या, म्हणजे कमी धुराच्या गाड्यांसाठी राखलेल्या हद्दीत शिरता येतं. माझा नंबर हंगामी आहे, एप्रिल ते ऑक्टोबर, त्यामुळं कर तेवढ्याच महिन्यांचा. उरलेले पाच महिने गाडी एका शेतकऱ्याच्या गोठ्यात, जुन्या ट्रॅक्टरशेजारी, मिठापासून लांब. भाडं नाममात्र आहे. दिवाळीत चकलीचा डबा द्यावा लागतो, हे मात्र त्यांनी लेखी घेतलं नसलं तरी पक्कं आहे.

चालवायला कशी आहे? सोफ्यावर बसून ट्रॅक्टर चालवल्यासारखी. सीट खरोखर सोफा आहे, आत स्प्रिंगा आहेत. श्टुटगार्टहून उल्मकडं जाताना महामार्ग आल्ब डोंगर चढतो. तिथं मी उजव्या लेनमध्ये, पुढं एक पोलिश ट्रक, मागं एक रोमानियन ट्रक, आणि आम्ही तिघं एका वेगानं. डावीकडून विजेच्या गाड्या सूं करून जातात. अशा वेळी मला कुंभार्ली घाट आठवतो. तिथंही तात्या कधी घाई करायचे नाहीत. वीस माणसं घेऊन तिसऱ्या गिअरवर चढायचं तर इंजिनाशी भांडून चालत नाही.

"भारतात नेणार का?" हाही नेहमीचा प्रश्न. नाही. बाहेरची वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको आणि स्टिअरिंग उजवीकडं हवं, असा तिकडचा नियम. ही चाळिशी ओलांडलेली आणि डावखुरी. आणि नेऊन करू काय? ज्या रस्त्यावर या इंजिनाचे भाऊबंद आयुष्यभर राबले, तिथं हिला मिरवायला नेलं तर तात्याच हसतील.

तात्यांनी आता गाडी चालवणं सोडलंय, गुडघे साथ देत नाहीत. पण मागच्या एप्रिलमध्ये टॅपेट करायची होती. या इंजिनात व्हॉल्व्हमधली फट ठरावीक अंतरानं हातानं जुळवावी लागते, त्याला दोन चौदाचे पाने आणि फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या लागतात. इथले मेकॅनिक तासाचे पैसे घेतात, आणि त्यातल्या तरुणांनी हे काम कधी केलेलं नसतं. मी तात्यांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन एअर फिल्टरवर टेकवून ठेवला. तिकडं त्यांनी चष्मा चढवला.

"आरं, गार हाय का इंजिन?"

"गार आहे, तात्या. कालपासून चालू केलेलं नाही."

"मंग इनलेटला दहा ठेव. गेज सरकलं पायजे, पर लोण्यात सुरी गेल्यागत न्हाई. भाकरी तव्यावरनं सरकवताना लागतं बग, तेवढंच."

0.10 मिलिमीटरचं हे माप मी पुस्तकात वाचलं होतं. भाकरीचं पुस्तकात नव्हतं. दोन तास लागले. शेवटी झाकण बसवलं, किल्ली फिरवली, डिझेलसाहेबांना मौन पाळलं आणि इंजिन चालू केलं. तात्यांनी कान फोनला लावला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिसऱ्याचं जरा वाजतंय. बाकी बरं झालंय."

तिसऱ्याचं खरंच जरा वाजत होतं. ते पुन्हा जुळवलं. मग मी फोन फिरवून त्यांना गाडी आतून दाखवली, लाकडासारखी पट्टी, सीटा, मोठं स्टिअरिंग.

"सीटा किती बसतात?"

"पाच, तात्या."

"आन् ड्रायव्हरच्या पल्याड, दाराकडं?"

"तिथं कोण नाही."

"मंग पाच कशा," तात्या म्हणाले, "सहा म्हन की."