आधी सिनेमा की आधी माहितीपट?

महिन्यातून एका शनिवारी आम्ही दहा-बारा जण एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत सिनेमा बघायला जमतो. तिथे एकदा मी ‘लॉर्ड्स ऑफ डॉगटाउन’ लावला आणि तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागलाय. विचारणाऱ्याने फोनवर आधीच शोधलेलं असतं. कॅलिफोर्नियातल्या या स्केटबोर्डवाल्या पोरांवर २००१ चा माहितीपट आहे आणि २००५ चा हा सिनेमा आहे, तर आधी काय बघू? तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगतो. आधी सिनेमा. कारण सांगायला मात्र जरा वेळ लागेल.

मला तो सापडला तोच चुकून. आमच्या कोपऱ्यावरच्या सीडी लायब्ररीवाल्याने नावात ‘डॉग’ वाचून ती सीडी लहान मुलांच्या कप्प्यात ठेवली होती. भाच्यासाठी कुत्र्याचा सिनेमा म्हणून मी ती घरी आणली. भाचा पंधरा मिनिटांत झोपला, मी दीड वाजेपर्यंत जागा.

स्केटबोर्ड मला येत नाही. पण लहानपण साताऱ्यात गेलंय, म्हणजे उतार आले आणि उतारांबरोबर बेरिंगची गाडी आली. गॅरेजवाल्याकडून टाकाऊ बेरिंगं मागून आणायची, फळीखाली ठोकायची, वळवायला पुढे एक आडवं लाकूड आणि सुतळी. ती गाडी डांबरावरून निघाली की दात हलायचे आणि अख्ख्या आळीला कळायचं. वाटेत हरभऱ्याएवढा खडा आला की गाडी तिथल्या तिथे, आपण पुढे. उजव्या कोपरावर खूण अजून आहे. अमेरिकेतल्या पोरांचंही साठच्या दशकात असंच चाललं होतं. त्यांच्या फळ्यांना भाजलेल्या मातीची टणक चाकं असायची, ती रस्ता धरायची नाहीत आणि खड्यावर अडायची. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी या तरुणाने युरेथेन या रबरासारख्या प्लॅस्टिकची चाकं आणली. मऊ, रस्त्याला चिकटून चालणारी, खड्यावरून निघून जाणारी. सिनेमात ही नवी चाकं लावून पोरं पहिल्यांदा सुटतात तेव्हा मी खोलीत एकटाच हसलो होतो. माझ्या कोपराला ते लगेच कळलं.

डॉगटाउन म्हणजे सँटा मोनिकाची दक्षिण बाजू आणि त्याला लागून असलेलं व्हेनिस. समुद्रकिनारा असला तरी तेव्हा श्रीमंती नव्हती. पॅसिफिक ओशन पार्क ही तिथली मोठी जत्रेसारखी करमणूकनगरी १९६७ ला बंद पडली आणि तिचे सांगाडे पाण्यात तसेच उभे राहिले. पोरं त्या मोडक्या खांबांमधून लाटांवर स्वार व्हायची. जेफ हो, स्किप एंगब्लॉम आणि क्रेग स्टेसिक यांचं ‘झेफिर’ नावाचं सर्फबोर्डचं दुकान हा त्यांचा अड्डा. लाटा मेल्या की हीच पोरं फळ्या घेऊन शाळांच्या आवारातल्या डांबरी उतारांवर जायची आणि पाण्यावर जे करायची तेच तिथे करायची. गुडघ्यात पार वाकून, एक हात जमिनीला घासत. हवाईचा लॅरी बर्टलमन लाटेवर असा वळायचा, त्याची ती नक्कल. १९७५ ला कॅलिफोर्नियातल्याच डेल मारच्या स्केटबोर्ड स्पर्धेत बाकीचे ताठ उभं राहून जागच्या जागी गिरक्या घेत होते आणि ही मंडळी जमिनीलगत सुसाट आली. गुण कसे द्यायचे, हा परीक्षकांना प्रश्नच पडला.

मग १९७६-७७ चा दुष्काळ. आपल्याकडे बहात्तरच्या दुष्काळात माणसं खडी फोडायला गेली. तिकडे बंगल्यांचे तरणतलाव कोरडे पडले आणि पोरांना खेळायला जागा झाली. तिथले तलाव आपल्या हॉटेलांतल्यासारखे चौकोनी हौद नसतात, तळ आणि भिंत गोलाईने जुळलेली असते, त्यामुळे फळी थेट भिंतीवर चढते. बंगल्याच्या कुंपणावरून उडी मारून आत शिरायचं, पोलीस आले की पसार व्हायचं. सिनेमातला हा भाग बघताना बाकी कशाची आठवण राहत नाही.

पण मी हा सिनेमा परत परत बघतो तो झेफिर दुकानवाल्या स्किपसाठी. हीथ लेजरने तो केलाय. दात खोटे, शब्द गिळलेले, चालताना कायम अर्धी बाटली आत असल्यासारखा. पोरांची टीम काढणारा हाच. नोकरी करतो आणि घड्याळ घालतो म्हणून स्टेसी पेराल्टाला तो आधी टीममध्ये घेतच नाही. मासिकांत फोटो येतात, कंपन्या पैसे घेऊन दारात येतात आणि एकेक पोरगा निघून जातो. टोनी अल्वाला नाव हवं असतं, स्टेसीला रीतसर काम. जे अॅडम्सला नेमकं काय हवंय हे त्यालाही सांगता येत नाही. स्किपला कुणी फसवत नाही, हेच वाईट. पोरं मोठी होतात, बस्स. शेवटाकडे एका छोट्या प्रसंगात तो मागच्या खोलीत एकटा बोर्ड घासत बसलाय, आता दुसऱ्याच्या नोकरीत. गाणं लागलेलं आहे. तो त्याबरोबर गुणगुणायला लागतो, मग मोठ्याने गातो, हात चालूच. रडारड नाही, भाषण नाही. ज्याने कुणी पोरं हाताखाली तयार केली आणि मग ती दुसऱ्या क्लासला गेलेली पाहिली, त्याने हा प्रसंग रात्री एकट्याने बघू नये.

आता गंमत बघा. माहितीपट पेराल्टानेच केलाय आणि सिनेमाची पटकथाही त्याचीच. म्हणजे जिंकलेल्याने लिहिलेला इतिहास. त्याने पुढे भागीदारीत कंपनी काढली, टोनी हॉकसारखी नावाजलेली स्केटबोर्डवाली पोरं घडवली. माहितीपटात हे सगळे चाळिशीचे बाप्ये आपापल्या पराक्रमाविषयी बोलतात. चांगलंच बोलतात, पण शाळेच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात बसल्यासारखं होतं. पैसेही बुटांच्या कंपनीचे, व्हॅन्सचे. पटकथेत मात्र त्याने स्वतःला सगळ्यांत सपक करून ठेवलंय आणि जीव स्किपला आणि जे अॅडम्सला दिलाय. हा अॅडम्स पुढे व्यसनात आणि तुरुंगात गेला, २०१४ ला त्रेपन्नाव्या वर्षी गेला. माहितीपट आधी पाहिलात तर कोण तरणार आणि कोण नाही हे ठाऊक होऊन बसता, मग स्किपच्या त्या खोलीत शिरताना तुमची तयारी झालेली असते. ती नको.

एक तक्रार आहे आणि ती मी प्रत्येकाला ऐकवतो. त्या टीममध्ये पेगी ओकी नावाची एकच मुलगी होती, डेल मारला उतरलेली. सिनेमात ती डोळ्याची पापणी लवेपर्यंत येऊन जाते. बाकी मुली फक्त कुणाच्या ना कुणाच्या मैत्रिणी. दिग्दर्शिका कॅथरिन हार्डविक, स्वतः व्हेनिसमध्ये राहिलेली, तिच्याकडून हे अपेक्षित नव्हतं. पेगीसाठी तरी माहितीपट दुसऱ्या दिवशी बघाच, तिथे ती दिसते.

सबटायटल्स लावा, लेजरचं निम्मं बोलणं त्याशिवाय कळत नाही. आणि माझ्याकडे ती सीडी मागू नका. शेवटची वीस मिनिटं ती अडकते. परत करायची राहून गेली, आणि मी द्यायला गेलो तेव्हा लायब्ररीच्या जागी मोबाइल दुरुस्तीचं दुकान झालं होतं.